नाकमुरडी आत्या आणि बिस्किटांचे पुडे

आमच्या आत्याचं नाक हे आत्यापेक्षा वेगळं, स्वतंत्र माणूस होतं. ते आत्याच्या आधी उठायचं, आत्याच्या आधी बोलायचं आणि आत्या गप्प बसली तरी आपलं मत देऊन मोकळं व्हायचं. आधी डावी नाकपुडी वर जायची. मग वरचा ओठ तिच्या मदतीला धावायचा. मग डोळे अर्धे मिटायचे, आणि हे सगळं जमून आलं की पोटाच्या तळातून एक शब्द निघायचा : "शी!" हा "शी" ऐकून आमच्या गावात ठरलेली लग्नं मोडली आहेत. एका सरपंचाने तर भाषण अर्ध्यावर सोडून चहा मागवला होता. गाव तिला तोंडावर आत्या म्हणायचं आणि पाठीमागे नाकमुरडी आत्या. तिला दोन्ही माहीत होतं. "पाठीमागचं नाव खरं," म्हणायची, "ते बिनखुशामतीचं असतं."

रेवसच्या अलीकडे, खाडीच्या कडेला आमचं गाव. पुढे भातशेती, मागे चिखल, आणि मधल्या अंगणाअंगणांत वाळत घातलेली सुकट. आत्या माझ्या वडिलांची लांबची बहीण. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. सुकट वाळवायची, निवडायची आणि आठवड्याच्या बाजारात टोपली घेऊन बसायची, यात तिचा जन्म गेला. मांडव्याकडच्या बंगल्यांतल्या बाया गाडीतून उतरून, नाकाला रुमाल लावून भाव विचारायच्या. आत्या म्हणायची, "बाय, आता नाक झाकलंस, खाताना काय झाकशील?" बाई हसायची, दोन वाटे जास्त घ्यायची. आत्याला त्याचीही किळस यायची.

तिला किळस येणाऱ्या गोष्टींची यादी करायची तर वही पुरणार नाही. लग्नातली प्लास्टिकची फुलं. अंगभर मारलेला सेंट. पाया पडताना इकडेतिकडे कोण बघतंय ते बघणारी माणसं. पण सगळ्यांत वरचा नंबर एका वाक्याचा होता. "काही लागलं तर सांगा हं!" दारातून बाहेर पडता पडता, एक चप्पल पायात आणि एक हातात असताना कुणी हे म्हणालं की आत्याचं नाक जे वर जायचं ते संध्याकाळपर्यंत खाली यायचं नाही. "ज्याला लागतंय त्याला सांगवत न्हाय," ती म्हणायची. "सांगायचा जोर अंगात असता, तर त्याला तुझी गरज लागली असती काय रे?"

आणि एवढं नाक असून तिला कशाची किळस येत नसे, तेही सांगतो. सडलेली मासळी, तुंबलेलं गटार, पोराचा भरलेला लंगोट. सासू अंथरुणात पडून होती तेव्हा तिचं सगळं हिने काढलं, आणि त्या काळात हिचं नाक म्हणे एकदाही हललं नाही. ही गोष्ट आम्हाला माहीत होती, पण तिचा अर्थ कुणी लावला नव्हता. तो लागायला दत्ताची वेळ यावी लागली.

दत्ता माझा शाळेपासूनचा दोस्त. रेवसहून भाऊच्या धक्क्याला जाणाऱ्या एका लाँचवर इंजिन सांभाळायचा. माणूस असा की इंजिनाशी बोलायचा, आणि इंजिन ऐकायचं. सात-आठ वर्षांपूर्वी, भात कापून झालं होतं, तेव्हा हा एक दिवस कामावर गेला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मग दाढी वाढली, आंघोळ राहिली, जेवणाचं ताट जसंच्या तसं परत जाऊ लागलं. दिवसभर ओटीच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसायचा. बायको सुनंदा विचारून विचारून थकली. कर्ज नव्हतं, भांडण नव्हतं, घरात काही वाईट घडलं नव्हतं. गावाला तर कारण हवंच असतं. मिळालं नाही म्हणून गावाने चार तयार केली.

आता माझी करणी सांगतो. मला नकला करायची खोड आहे. जत्रेत, हळदीला, माणसं मला मुद्दाम बोलावतात. त्या दिवसांत नाक्यावरच्या चहाच्या टपरीवर मी दत्ताची नक्कल केली. भिंतीकडे तोंड केलेला दत्ता, ताट पुढे सरकवणारी सुनंदा, दत्ताची मान, सुनंदाचा पदर. अगदी हुबेहूब! लोक चहा सांडेपर्यंत हसले. हसणं थांबलं तेव्हा पाहिलं, तर टोपली डोक्यावर घेऊन आत्या उभी. नाकाने जेवढं वर जाता येतं तेवढं ते गेलेलं.

"चांगलं हसवतोस," आत्या म्हणाली. "आता त्याच्या ओटीवर जाऊन हेच कर. तो हसला तर तू खरा."

मी म्हणालो, "आत्या, मस्करी केली गं."

"शी!" आत्या म्हणाली. मला उद्देशून तिने म्हटलेला तो पहिला "शी". आजवर तिने लोकांना म्हटलेले "शी" मी ऐकले होते आणि मला फार मजा यायची. स्वतःला मिळाला तेव्हा चहा गोड लागेना. टोपली सावरत ती म्हणाली, "चल माझ्यासंगती. मना तुझी जीभ नको. तुझी गाडी पायजे."

माझ्याकडे तेव्हा सामान वाहायची एक जुनी व्हॅन होती. मी निमूट मागे गेलो.

दत्ताच्या ओटीवर समाचाराला आलेली माणसं बसली होती. आजाऱ्याच्या समाचाराला जायची आपली जुनी रीत. रिकाम्या हाताने जायचं नाही, म्हणून प्रत्येकाच्या हातात बिस्किटांचा पुडा. कोपऱ्यातल्या टेबलावर पुड्यांचा बुरूज झाला होता. मोडलेल्या पायाला ही रीत ठीक आहे. आलेला माणूस पायाकडे बघतो, हळहळतो, बिस्किटं ठेवतो, जातो. इथे बघायला पाय नव्हता, म्हणून सगळे तोंडाकडे बघत होते.

निवृत्त गुरुजी म्हणत होते, "दत्ताराम, मन खंबीर कर. सीमेवरचे जवान बघ."

शेजारची काकू म्हणत होती, "आमच्या भावजयीच्या भावाचं अस्संच सुरू झालेलं."

"मग?" कुणीतरी विचारलं.

"मग काय, गेला तो."

एकजण मोबाइलवर कुठल्याशा महाराजांचं प्रवचन मोठ्या आवाजात लावून दत्ताच्या कानाशी धरून बसला होता. भगताचा माणूस काळी कोंबडी कितीला पडेल ते सुनंदाला समजावत होता. आणि हे सगळे, मी शपथेवर सांगतो, रुमाल, पदर, बाही, जे मिळेल ते नाकाला लावून बोलत होते. कारण दत्ताने बारा दिवस आंघोळ केली नव्हती आणि तशाने जे होतं ते झालं होतं.

मी आत्याच्या नाकाकडे बघितलं. आता ते उडणार, अशी माझी खात्री. आत्या ओटी ओलांडून सरळ कोपऱ्यात गेली, दत्ताच्या अगदी खांद्याला खांदा लावून जमिनीवर बसली, आणि तिचं नाक होतं तिथेच राहिलं. इवलंसं, साधं, म्हाताऱ्या बाईचं नाक. मी ते असं कधी पाहिलंच नव्हतं.

ते वर गेलं ते बाकीच्यांकडे वळल्यावर. "शी!" आत्या म्हणाली. "शी शी शी! मेलेल्याच्या दारात तरी लोक गप बसतात. उठा."

गुरुजी म्हणाले, "अहो बाई, आम्ही त्याला धीर देतोय."

"धीर देतो म्हणता आणि नाक दाबता? उठा, गुर्जी. पुढच्या वेळी यायचं तर हात घेऊन या, तोंड घरी ठेवा."

दुसऱ्या दिवसापासून तिने एक नियम केला. स्वतःच्या सुकटीचं पोतं दत्ताच्या ओटीवर आणून टाकलं आणि दाराशी चार सुपं ठेवली. समाचाराला येणाऱ्याने सूप घ्यायचं, मूठभर सुकट घ्यायची आणि निवडत बसायचं. सुकट म्हणजे बोटाच्या पेरापेक्षा बारीक वाळलेली कोलंबी. तिच्यात गवताच्या काड्या येतात, शिंपल्यांच्या कपच्या येतात, नखाएवढे खेकडे येतात. ते वेचायला मान खाली घालावी लागते. मान खाली गेली की समोरच्याच्या तोंडाकडे टक लावून बघता येत नाही, आणि डोळ्यांना काम लागलं की जीभ आपोआप मंदावते. बोलायचं असेल तर भावकीचं, पावसाचं, मासळीचं बोलायचं. उपदेश केला की सूप परत. तीन दिवसांत समाचाराला येणारे पंचवीसचे चार झाले. मी, काकूची सून, लाँचवरचा एक खलाशी आणि, आश्चर्य म्हणजे, गुरुजी. गुरुजींना दिसायचं कमी, त्यामुळे त्यांच्या सुपातले खेकडे आम्ही पुन्हा वेचायचो. पण ते रोज आले आणि सीमेवरच्या जवानांचं नाव पुन्हा काढलं नाही. जमलेली बिस्किटं आत्याने कोंबड्यांना घातली. "कोंबड्यापण कंटाळल्या," म्हणाली.

त्याच दिवसांतली एक सकाळ मी विसरू शकत नाही. आत्या नेहमीप्रमाणे दत्ताच्या बाजूला बसून निवडत होती. सुपावरून नजर न उचलता, मीठ आहे का विचारावं तशी म्हणाली, "दत्ता, मरावं असं येतं काय रे मनात?"

सुनंदाच्या हातातलं भांडं पडलं. "आत्या! काय हे अभद्र! भरल्या घरात!"

मीही म्हणालो, "आत्या, अशाने नसतं त्याच्या डोक्यात भरेल."

"नाव घेतल्यानं न्हाय येत ते," आत्या म्हणाली. "आलं असलं तर तो एकटा त्याच्यासंगती बसलाय, एवढंच. मी त्याला इचारलंय. तुम्ही गप."

सुपात बोटं फिरत होती तेवढाच आवाज. मग भिंतीकडे तोंड असलेला दत्ता वळला. बारा-पंधरा दिवसांत पहिल्यांदा त्याने कुणाकडे तरी नीट पाहिलं.

"येतं," तो म्हणाला.

मला वाटलं, आता आत्या रडेल, किंवा देवाचं नाव घेईल, किंवा मुलाबाळांची शपथ घालेल. यातलं काही नाही. "बरं केलंस सांगितलंस," ती म्हणाली. "कवा येतं? सकाळी, का सांजेला?"

"पहाटे. उजाडायच्या आधी फार."

"मग पहाटे मी येऊन बसेन. आणि काय करायचं ते पण ठरवलंयस काय?"

दत्ताची नजर फक्त माळ्याकडे गेली आणि खाली आली. आत्याने मला खूण केली. माळ्यावर भातावर फवारायच्या औषधाचा डबा होता. मी काढला. आत्याने तो पदराखाली घेतला आणि सुनंदाला मोठ्याने म्हणाली, "सुने, हे मी घेऊन जाते. माझ्या वालाला कीड पडलीय." आत्याने आयुष्यात कधी वाल लावले नव्हते. दत्तालाही ते माहीत होतं. त्याचे डोळे भरून आले, आणि मी सूप घेऊन अंगणात गेलो, कारण मला त्या क्षणी कसलीच नक्कल सुचत नव्हती.

डॉक्टरकडे न्यायचं म्हटल्यावर मात्र दत्ता अडून बसला. "मी येडा न्हाय."

"कोण म्हणतंय?" आत्या म्हणाली. "दसऱ्याला इंजिनाला हार घालतोस ना? नारळ फोडतोस?"

"फोडतो."

"म्हणून तेल बदलायचं सोडतोस काय? भगत पण बोलवू, तुझ्या बायकोचं समाधान. पण आधी तेल."

व्हॅनमधून आम्ही अलिबागला गेलो. पुढे मी, मागे तांदळाच्या रिकाम्या गोणीवर दत्ता आणि त्याचा हात धरून आत्या. सुनंदाला मुलांपाशी थांबवलं होतं. दवाखान्यात फिनेलच्या वासाने आत्याचं नाक चाळवलं, पण तिने ते पदराने दाबून धरलं. मनाची डॉक्टर एक तरुण मुलगी होती. तिने विचारलं, "तुम्ही यांच्या कोण?" आत्या म्हणाली, "मी सुकट विकते." डॉक्टरांनी ते लिहून घेतलं असावं. दत्ता आत जाऊन बसला, आणि मघाशी व्हॅनमध्ये गप्प असलेला हा माणूस आत अर्धा तास बोलला. बाहेर आल्यावर डॉक्टर म्हणाल्या, गोळ्यांचा गुण दिसायला दोन-तीन आठवडे लागतील, तोवर यांना एकटं सोडू नका आणि आपल्या मनाने गोळ्या बंद करू नका. आत्या म्हणाली, "लोणचं मुरायला पण तेवढे दिस जातात. कळलं."

आता कुणी म्हणेल, आत्या म्हणजे देवमाणूसच. छे! एका दुपारी, गोळ्या सुरू होऊन दहा-बारा दिवस झाले असतील, तिची कंबर धरली होती, दत्ता पेजेची वाटी हातात घेऊन नुसता बसला होता, आणि ही ओरडली, "उठ की रे आता! किती दिस लोळशील? पुरे झाली नाटकं!" दत्ताने वाटी खाली ठेवली आणि पुन्हा भिंतीकडे वळला. आत्या पांढरी पडली. मग मी जे पाहिलं ते गावात दुसऱ्या कुणी पाहिलेलं नाही. तिचं नाक वर गेलं, ओठ वर गेला, डोळे अर्धे मिटले, आणि ती स्वतःलाच म्हणाली, "शी! माझ्यापण तोंडातून निघालं तेच." मग हळू आवाजात, "चुकले रे बाबा. कंबर दुखते म्हणून बोलले. तू काय नाटकं करत न्हायस." दोन दिवस दत्ता बोलला नाही. दोन्ही दिवस पहाटे आत्या ओटीवर होती.

तिसऱ्या दिवशी सगळे निवडत बसलो होतो. कोपऱ्यातून एक हात आला, गुरुजींच्या सुपात गेला, आणि त्यातून दोन बोटांनी नखाएवढा खेकडा उचलून बाहेर ठेवला.

"हा राहिला होता," दत्ता म्हणाला.

गुरुजींचा चष्मा धुरकटला. मी तोंड उघडणार एवढ्यात आत्याने माझ्या मांडीला असा चिमटा काढला की तो अजून दुखतो. कुणी टाळ्या वाजवायच्या नाहीत, कुणी "शाबास" म्हणायचं नाही. "दुसरा पण असंल बघ," ती एवढंच म्हणाली, आणि त्याच्याकडे एक सूप सरकवलं.

दत्ता बरा झाला ते काही नाटकातल्यासारखं नाही. दोन पावलं पुढे, एक मागे. आंघोळ झाली, मग आठ दिवस पुन्हा नाही. गोळ्यांनी तोंड सुकायचं, तो चिडायचा. आम्ही महिन्याच्या महिन्याला व्हॅन काढायचो. पुढच्या पावसाळ्याआधी तो लाँचवर परत गेला आणि इंजिनाशी पुन्हा बोलू लागला. आत्याने त्याच्या पाठीवर कधी हात फिरवला नाही, की "बघ, मी म्हणाले नव्हते?" म्हटलं नाही. बाजारात भेटला की विचारायची, "पहाट कशी हाय?" तो म्हणायचा, "बरी हाय." एखाद्या वेळी म्हणायचा, "बरी न्हाय." मग दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत ओटीवर टोपली टेकल्याचा आवाज यायचा.

आत्या गेल्या हिवाळ्यात गेली. शेवटचे दोन महिने अंथरुणात होती, आणि तिचं सगळं दत्ता आणि सुनंदा करत होती. मी भेटायला गेलो, आणि लाज वाटते सांगायला, सवयीने वाटेत बिस्किटांचा पुडा घेतला. आत्याने तो पाहिला. मान उचलायची ताकद नव्हती, पण डावी नाकपुडी वर गेली. "बस," ती म्हणाली. "बोलू नको." मी बसलो. माझ्यासारखा माणूस दोन तास न बोलता बसला, हे माझ्या घरी अजून कुणाला खरं वाटत नाही.

तेरावं झाल्यावर तिचं घर आवरायला आम्ही दोघेच गेलो. चार भांडी, सहा सुपं, वाळवणाच्या जाळ्या. दत्ता माळ्यावर चढला आणि बराच वेळ उतरेना. मी खालून हाक मारली. तो उतरला तेव्हा त्याच्या हातात प्लास्टिकच्या तीन पिशव्यांत एकावर एक गुंडाळून, वर सुतळीच्या पाच गाठी मारलेला एक डबा होता. वालाच्या किडीसाठी नेलेला. इतकी वर्षं तिने तो फेकलाही नव्हता आणि कुणाच्या हाती लागेल असा ठेवलाही नव्हता.

दत्ता उजेडात उभा राहून त्या डब्याकडे बघत होता. मला त्याच्या चेहऱ्यावर काय येईल याची भीती वाटली. मी एक पाऊल पुढे झालो.

आधी त्याची डावी नाकपुडी वर गेली. मग वरचा ओठ तिच्या मदतीला धावला. डोळे अर्धे मिटले.

"शी!" दत्ता म्हणाला.

माझा सगळा जन्म नकला करण्यात गेला. आत्याची इतकी हुबेहूब नक्कल मला कधी साधली नाही.